शंभरच्या पुढचं युनिट

मागच्या वर्षी मे महिन्यात एप्रिलचं लाईट बिल आलं ते ३४२ युनिटचं होतं, रक्कम चार हजार दोनशेच्या वर. मी पोळ्या लाटत होते, हे बिल घेऊन स्वयंपाकघरात आले, काहीच बोलले नाहीत, ओट्यावर ठेवलं अन् चष्मा पुसत बसले. आमच्याकडं एसी नाही. परभणीत राहतो, दोन खोल्या खाली दोन वर, पाच माणसं, दोन कूलर, एक जुना फ्रीज अन् बोअरची मोटार, एवढाच पसारा. हेच घर डिसेंबरात १८४ युनिट घेतं. मग एप्रिलला एवढं जातं कुठं हे काही केल्या डोक्यातून जाईना, म्हणून पोराची अर्धी कोरी राहिलेली वही घेतली अन् त्यात मांडायला सुरुवात केली. वर्ष झालं. या एप्रिलला २३६ युनिट आले, बिल सव्वीसशेच्या घरात. ऊन तेवढंच होतं, माणसं तेवढीच, कूलरही तेवढेच. काय काय केलं ते लिहिते, कारण बऱ्याच जणी विचारतात अन् फोनवर सांगताना निम्मं राहून जातं.

आधी बिल वाचायचं कसं ते, कारण आमच्या घरात सुद्धा कुणाला धड माहीत नव्हतं. महावितरणच्या घरगुती बिलात टप्पे असतात, ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० अन् त्याच्या पुढं. वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार असे वेगवेगळे आकडे छापलेले असतात अन् त्याच्यावर १६ टक्के वीज शुल्क. दर बदलत राहतात म्हणून मी वहीत सगळं मिळून गोल आकडा धरते, पहिल्या शंभरातलं युनिट सात रुपयाला, शंभरच्या पुढचं तेरा रुपयाला, अन् तीनशेच्या पुढचं अठरा-साडेअठराला. स्थिर आकार शुल्कासकट दीडशे रुपये, तो लाईट जाळा की घर बंद ठेवा, द्यावाच लागतो.

इथं एक गैरसमज लई पसरलाय. शेजारच्या वहिनी सांगायच्या की १०१ युनिट झालं की सगळंच बिल महाग दरानं लागतं, म्हणून महिना संपत आला की त्या फ्रीज बंद करून ठेवायच्या, दूध नासायचं. असं नसतं. पहिले शंभर सातनंच राहतात, फक्त पुढचे तेवढे तेरानं. एक युनिट जास्त झालं म्हणून आभाळ कोसळत नाही. पण याचीच दुसरी बाजू अशी की आपण जे युनिट वाचवतो ते नेहमी वरचं वाचतं, स्वस्तातलं नाही. माझे १०६ युनिट कमी झाले, त्यातले ४२ अठरावाले होते अन् बाकीचे तेरावाले, म्हणून बिल सोळाशेनं उतरलं. सरासरी काढून हिशोब केला तर हे दिसतच नाही. वस्तू घेताना, बदलताना, बंद करताना मी आता एवढंच विचारते की ही वस्तू कितव्या युनिटवर चाललीय.

मग शोध सुरू केला तो मीटरपासून. मीटरवर एक बारका लाल दिवा लुकलुकतो, त्याच्या बाजूला ३२०० असा आकडा छापलेलाय, म्हणजे तो दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. काही मीटरवर १६०० असतं, आपापलं बघून घ्यायचं. ३२०० च्या हिशोबानं मिनिटाला एक लुकलुक म्हणजे साधारण १९ वॅट. हे समजल्यावर मला दुसरं काही मोजायचं यंत्र लागलं नाही. रात्री सगळे झोपल्यावर पायरीवर मोबाईलचं घड्याळ घेऊन बसले, पंखे, दिवे, कूलर, फ्रीज सगळं बंद करून, अन् आता दिवा थांबणार असं वाटत होतं तर तो मिनिटाला दोनदा लुकलुकतच होता. पुन्हा मोजलं, पुन्हा दोन. म्हणजे ३७-३८ वॅट, कुणी काही वापरत नसताना. एकेक पिन काढत गेले. टीव्ही रिमोटनं बंद केलेला पण सेट टॉप बॉक्स चालूच, वायफायचा डबा चालू, वरच्या खोलीत साउंड सिस्टीम जी गेल्या गणपतीनंतर कुणी लावलीच नव्हती ती चालू, अन् इन्व्हर्टर, ज्याची बॅटरी म्हातारी झालेली म्हणून तो दिवसरात्र चार्जच करत बसलेला. या सगळ्याचे महिन्याला २७ युनिट. तेराच्या दरानं साडेतीनशे रुपये, वर्षाला चार हजार, कशाचे तर कशाचेच नाही. इन्व्हर्टर काढता येत नाही, आपल्याकडं लाईट जातेच, पण बॅटरी तशीही बदलायला झालती ती बदलली, बाकीच्यांना बटणवाला एक्स्टेंशन बोर्ड लावला, रात्री एकच बटण. आता नऊ युनिट जातात.

पंख्यांचं मला आधी खरं वाटलं नव्हतं. आमचे तीन पंखे जुने, ७५ वॅटवाले, उन्हाळ्यात बारा-बारा तास फिरणारे. दिवसाला पावणेतीन युनिट, महिन्याला ८१. कूलरकडं सगळ्यांचं बोट, अन् पंखे त्याच्यापेक्षा जास्त खात होते. बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या तऱ्हेच्या मोटारीचा, तीस वॅटच्या आसपास घेतो. पहिला एकच आणला, आत्याबाईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या खोलीत लावला, अन् मीटरपाशी जाऊन मोजलं, जुना मिनिटाला चार लुकलुकायचा, हा दीड. हवा तेवढीच. आत्याबाईंना रिमोट आवडला, रात्री गार वाजलं की उठावं लागत नाही. मग दिवाळीला उरलेले दोन आणले. तिन्हीचे मिळून साडेआठ हजार गेले, एकदम जड वाटतात, पण ८१ चे ३२ झाले म्हणजे उन्हाळ्याच्या महिन्यात सहाशे-साडेसहाशे रुपये नुसते पंख्यातून. आपल्याकडं पंखा होळीपासून दिवाळीपर्यंत फिरतोच, त्यामुळं दोन वर्षांच्या आत पैसे फिटतील असा माझा हिशोब आहे. २०२३ पासून सीलिंग फॅनवरही स्टारचं लेबल सक्तीचं झालंय, दुकानात ते बघून घ्या, दुकानदार सांगतो त्याच्यावर जाऊ नका. अन् रेग्युलेटर जुनाच ठेवायचा असला तर आधी विचारा, बऱ्याच बीएलडीसी पंख्यांना जुना रेग्युलेटर चालत नाही, तो बायपास करावा लागतो.

आता मोटार. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं अन् लाईट बिल वाचवायच्या गोष्टींमध्ये हे कुणी सांगतच नाही, कारण सांगणारे नळाला चोवीस तास पाणी असलेल्या गावातले असतात. आमच्या भागात बहुतेक घरी बोअर. आमची मोटार दीड एचपीची, चालू असताना साधारण १४०० वॅट ओढते, मीटरचा दिवा तेव्हा मिनिटाला पंचाहत्तरदा लुकलुकतो. हजार लिटरची टाकी जानेवारीत चाळीस मिनिटांत भरते. एप्रिलच्या शेवटी तीच टाकी भरायला पावणेदोन तास लागतात, कारण पाणी खाली गेलेलं असतं, धार बारीक होते, मधी दम घ्यायला मोटार बंद करावी लागते. म्हणजे तेच हजार लिटर जानेवारीत पाऊण-एक युनिटला अन् एप्रिलला अडीच युनिटला. महिन्याला ७३ युनिट निव्वळ पाणी वर चढवायला! आपल्या मराठवाड्यात पाणी अन् लाईट ही दोन वेगळी बिलं नाहीतच. परळीचं औष्णिक वीज केंद्र २०१५ ला पाणी नाही म्हणून बंद ठेवावं लागलं होतं, इकडं वीज तयार करायला पाणी पुरत नव्हतं अन् तिकडं घराघरात पाणी काढायला वीज जळत होती.

तर मोटारीचं बिल कमी करायचा रस्ता मोटारीतून नाही, नळातून जातो. वरच्या संडासातलं फ्लश गळत होतं. आवाज नाही, पाणी दिसत नाही, नुसती आतल्या भिंतीवर एक ओली रेघ. मी फ्लशच्या टाकीत हळद कालवून टाकली अन् अर्ध्या तासानं बघितलं तर खाली भांड्यात पिवळं पाणी उतरलेलं. आतलं रबर ऐंशी रुपयाला मिळालं. दुसरं, टाकी वाहून जायची, मोटार लावून माणूस कामात गुंतलं की शेजारी हाक मारीपर्यंत कळायचं नाही, तिथं पाणी भरलं की वाजणारा अलार्म बसवला. तिसरं, भांडी वाहत्या नळाखाली घासायची बंद करून दोन टोपल्यांत विसळायची, आत्याबाई तशीच घासायच्या पूर्वीपासून, मीच मधी सवय मोडलेली. टाकी आता रोज पूर्ण रिकामी होत नाही. एप्रिलला मोटारीचे ७३ चे ४८ झाले. आरओचं वाया जाणारं पाणी मी फरशी पुसायला घेते. कूलरमध्ये घालू नका, त्यात क्षार जास्त असतात, ताट्यांवर पांढरे थर बसतात अन् मग हवाच येत नाही. आपलं बोअरचं पाणी तसंही खारंच.

कूलर की एसी, हे दरवर्षी निघतं. आमच्या गल्लीत मागच्या दोन वर्षांत चार घरी एसी आले. मला कुणाचं वाईट वाटत नाही, ४४ डिग्रीत म्हातारं माणूस घरात असलं किंवा लेकरू आजारी असलं तर एसी चैन नाही. पण हिशोब माहीत असावा. दीड टनाचा एसी आपल्या उन्हात तासाला एक-सव्वा युनिट घेतो, रात्रीचे आठ तास धरले तर महिन्याला २७० च्या आसपास. हे २७० रिकाम्या पाटीवर पडत नाहीत, घराच्या आधीच्या अडीचशे-तीनशे युनिटच्या डोक्यावर बसतात, म्हणजे बहुतेक अठराच्या दरानं. महिन्याला साडेचार-पाच हजार. आमचा मोठा कूलर १९० वॅटचा, बारा तास चालला तरी सव्वादोन युनिट. कूलर पाणी पितो हे खरं, मे महिन्यात दिवसाला ७०-८० लिटर, पण ते वर चढवायला लागणारी वीज पाव युनिटसुद्धा होत नाही. ज्यांच्याकडं टँकरचं पाणी आहे त्यांनी मात्र पाण्याचे पैसे मांडूनच ठरवावं. कूलरला खिडकी उघडी लागते, हे अजून किती जणांना सांगावं लागतं. खोली बंद करून कूलर लावला की दमट होतं, अंग चिकचिक करतं, मग लोक म्हणतात कूलर निकामी झाला. समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा, कोरड्या हवेत कूलरसारखं काही नाही. पावसाळा लागला की तो तसाही कामाचा राहत नाही. एसी असलाच तर २६ वर ठेवून सोबत पंखा लावा, एक डिग्री वर नेली की साधारण सहा टक्के वीज वाचते असं बीईई, म्हणजे वीज बचतीचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था, सांगते.

या सगळ्याच्या मुळाशी मात्र स्लॅब आहे. आत्याबाई माळवदाच्या घरात वाढलेल्या, जाड भिंती, वर लाकडाच्या कड्या अन् त्याच्यावर पांढऱ्या मातीचा हातभर थर. त्या सांगतात, उन्हाळ्यात दुपारी आत आलं की डोळ्याला अंधारी यायची अन् अंगाला गार वाटायचं. आमचा स्लॅब दिवसभर तापतो अन् रात्री दोनपर्यंत ती धग खाली सोडतो, कूलर त्या धगीशी झुंजत बसतो. माळवद तर आता कोण बांधून देणार. मार्चमध्ये कळीचा चुना आणला, रात्रभर भिजवला, त्यात फेविकॉल घातलं, अन् मी, हे अन् पोरगा तिघांनी सकाळी सहाला कुंच्यानं दोन हात दिले. सगळा खर्च हजाराच्या आत. चुना कमी पडला अन् जिन्याजवळचा एक कोपरा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला पोरगा वर गेला, पांढऱ्यावर अनवाणी उभा राहिला, गरम होतं पण उभं राहता येत होतं, मग त्या राहिलेल्या कोपऱ्यावर एक पाय टाकला अन् टुणकन उडी मारून परत आला, "आई, तिथं तवा आहे." मीही पाय टेकवून बघितला, खरंच दोन सेकंद ठेववेना. वरची खोली आता रात्री दहा-साडेदहाला झोपण्यासारखी होते, आधी बारा वाजायचे, अन् पहाटे चारला कूलर बंद करून नुसत्या पंख्यावर भागतं. चुना एका पावसाळ्यात उतरतो, दरवर्षी द्यावा लागेल, टिकाऊ पांढरा रंगही मिळतो पण तो महाग. मला ज्यांना ज्यांना सांगता येईल त्यांना मी हे सांगते, कारण याला लाईट लागतच नाही, भाड्यानं राहणाऱ्यालाही घरमालकाची परवानगी काढून करता येतं, अन् पत्र्याच्या घरात तर याची गरज आमच्यापेक्षा जास्त.

फ्रीजचं थोडक्यात, दाराचं रबर सैल झालेलं, वहीचा कागद दारात धरून ओढला तर सुळकन निघायचा. रबर बदललं, भिंतीपासून वीतभर पुढं ओढला, सहा युनिट कमी झाले. नवा घ्यायला हवा, पण आत्ता नाही.

गॅस अन् लाईट यांची तुलना मात्र नीट करायला हवी, यात लई घोळ होतो. माझ्या भावाच्या घरी इंडक्शन घेतलं, त्याला कुणीतरी सांगितलं की गॅसपेक्षा स्वस्त पडतं. मी मांडून बघितलं. १४.२ किलोच्या सिलेंडरमध्ये साधारण १८० युनिटएवढी उष्णता असते, शेगडीवर त्यातली साठ-पासष्ट टक्केच भांड्याला लागते, बाकी हवेत जाते. इंडक्शनवर पंच्याऐंशीच्या आसपास लागते. म्हणजे एका सिलेंडरचा स्वयंपाक इंडक्शनवर करायला १३५-१४० युनिट. सातच्या दरानं साडेनऊशे रुपये, म्हणजे सिलेंडरएवढेच. पण ते सातचे शंभर युनिट तर फ्रीज अन् पंख्यांनी आधीच खाल्लेले असतात, इंडक्शनच्या वाट्याला तेराचंच येतं, मग तोच स्वयंपाक अठराशेला. म्हणून सोलर नसलेल्या घरात आमच्यासारख्यांनी गॅसच बरा. हिवाळ्यात गीझरचंही तेच. परभणीची थंडी ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, डिसेंबरात गार पाण्यानं अंघोळ होत नाही. पाच जणांच्या पाण्याला दिवसाला अडीच युनिट, महिन्याला ७५, तेरानं हजार रुपये. तेच पाणी गॅस गीझरवर अर्ध्या सिलेंडरात होतं. यंदाच्या हिवाळ्याआधी आम्ही गॅस गीझर घेतोय, पण एक हात जोडून सांगते, तो बाथरूमच्या आत लावू नका. बंद जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, माणूस आतल्या आत बेशुद्ध पडतं. आमचा बाहेर, उघड्या गॅलरीत बसेल, आत फक्त नळ.

सिलेंडरसाठी काही नवं शोधलं नाही. डाळ तासभर भिजवून कुकरला लावते, पहिली शिट्टी झाली की आच बारीक, फ्रीजमधलं दूध आधी बाहेर काढून ठेवते, अन् नवा लावला की त्याच्यावर खडूनं तारीख टाकते. पूर्वी ३३-३४ दिवस जायचा, आता ४० च्या पुढं जातो.

पण हे सगळं सांगताना मला आमच्या गावाकडच्या धाकट्या जावेची आठवण येते, कारण यातलं निम्मं तिच्या काहीच कामाचं नाही. तिचं बिल महिन्याला ४५ युनिटचं. त्याचे तीनशे पंधरा अन् स्थिर आकाराचे दीडशे, म्हणजे चारशे पासष्ट. भागाकार केला तर तिला एक युनिट दहा रुपयाच्या वर पडतं, अन् या एप्रिलला आमचं २३६ युनिटचं बिल भागलं तर अकरा. एवढुसं वापरणाऱ्या घराला आमच्याएवढाच भाव! तिनं पंखा बदलला तरी सातनंच वाचणार, साडेअठ्ठावीसशेचा पंखा फिटायला कितीतरी वर्षं जातील, तिला मी तो घे म्हणणार नाही. तिचा खरा खर्च चुलीत आहे. उज्ज्वलाचा सिलेंडर आहे, त्याला २०२३ पासून तीनशे रुपये सबसिडी मिळते, तरी एकदम नऊशे काढून द्यायचे अन् सबसिडी मागून खात्यात, म्हणून गॅसवर फक्त चहा अन् पाहुण्यांचं. भाकरी, अंघोळीचं पाणी, जनावरांचं आंबोण सगळं चुलीवर. कापसाच्या पऱ्हाट्या अन् तुरीच्या तुराट्या शेतातूनच येतात, म्हणून घरातले पुरुष म्हणतात की जळण फुकट आहे. फुकट कसं, त्या उपटायच्या, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर आणायच्या, पावसात झाकायच्या, अन् पावसाळ्यात ओल्या झाल्या की फुकणीनं फुंकत बसायचं. मी दिवाळीत गेले होते, पहाटे तिच्यापाशी चुलीसमोर बसले, ती पदरानं एक डोळा दाबून दुसऱ्यानं भाकरी बघत होती, अन् अक्का तुम्ही बाहेर बसा म्हणाली, तुम्हाला सवय नाही. तिला तरी ही सवय का असावी.

सासऱ्यांनी नव्वदच्या दशकात तिथं गोबर गॅस बांधला होता. दोन घनमीटरच्या टाकीला रोज पन्नास किलोच्या आसपास शेण लागतं, तेव्हा दावणीला सहा-सात जनावरं होती, गॅस पुरून उरायचा. २०१३ च्या दुष्काळात जनावरं छावणीला नेली अन् मग एकेक विकली, आता एक गाय अन् एक कालवड, टाकीला तडे गेलेत. दुष्काळात नुसती पिकं जात नाहीत, घरातला गॅसही जातो, हे मला ती टाकी बघून समजलं. जावेला सध्या एवढंच करून दिलंय की चुलीवर धुराडं बांधलं अन् सिलेंडरचे पैसे दर दोन महिन्याला हे परस्पर भरतात. दिरांना सांगितलंय की पाणी तापवायचं काम तरी गॅसवर होऊ द्या.

राहिलं सोलर. माझी मोठी बहीण छत्रपती संभाजीनगरला राहते, तिच्याकडं दीड वर्षापूर्वी पीएम सूर्यघर योजनेतून तीन किलोवॅटचं बसवलं. ही योजना २०२४ च्या फेब्रुवारीत आली, दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागं तीस हजार अन् तिसऱ्याला अठरा हजार, मिळून ७८ हजार सबसिडी, त्याच्या पुढं कितीही मोठं बसवा, वाढत नाही. तिला एक लाख नव्वद हजार लागले, सबसिडी जाऊन एक लाख बारा. एक किलोवॅट महिन्याला १२० युनिटच्या आसपास देतं, त्यामुळं तिचं बिल स्थिर आकारावर आलंय अन् इंडक्शन तिला खरंच परवडतं, कारण वीस वर्षं धरली तरी युनिट दीड-दोन रुपयाला पडतं. पण तिच्याकडं जे चुकलं ते आपल्याकडं होऊ नये. बसवणाऱ्यानं घाईत पॅनल असे लावले की शेजारच्या पाण्याच्या टाकीची सावली दुपारी तीननंतर एका पॅनलवर पडते. एकाच पॅनलवर पडते ना, मग काय झालं, असं ताई म्हणायची. पॅनल एका माळेत जोडलेले असतात, एक झाकला की सगळ्या माळेचं उत्पादन ओढलं जातं. चार महिने ती भांडली, शेवटी स्ट्रक्चर सरकवून घ्यावं लागलं अन् त्याचे पैसे तिलाच पडले.

अजून दोन गोष्टी तिला कुणी आधी सांगितल्या नाहीत. लाईट गेली की हे सोलरही बंद पडतं, ऊन कितीही असो, कारण लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला उलट्या विजेचा झटका बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. बॅटरी वेगळी घेतली तरच चालतं. अन् मे महिन्यात सगळ्यात जास्त वीज मिळेल असं वाटतं, तसं होत नाही. पॅनलला ऊन लागतं, उष्णता नको असते, २५ डिग्रीच्या वर तापला की त्याचं उत्पादन घटत जातं, आपल्याकडं तो भर दुपारी साठच्या पुढं तापतो. वर आपली धूळ. ताई पंधरा दिवसाला पहाटे पॅनल धुते, तापलेल्या काचेवर गार पाणी टाकायचं नाही.

आमच्याकडं एक माणूस येऊन गेला, पाच किलोवॅट घ्या म्हणाला, सबसिडी तेवढीच आहे हे त्यानं सांगितलंच नाही. मी वही पुढं केली. आमचं वर्षाचं सरासरी आता महिन्याला १७०-१८० च्या आसपास येतंय, मागच्या वर्षीच्या बिलावर हिशोब केला असता तर तीन किलोवॅट लागले असते, आता दोनमध्ये भागतं, साठ हजार सबसिडी जाऊन. आधी गळती बंद केली त्याचा हा फायदा मला फार मोठा वाटतो. दिवसा जास्तीची तयार झालेली वीज नेट मीटरमधून महावितरणच्या लाईनीत जाते अन् रात्रीच्या वापरात वजा होते, एका महिन्यातलं उरलेलं पुढच्या महिन्यात कामी येतं, फक्त मार्चअखेर हिशोब मिटतो, म्हणून हिवाळ्यातलं उरलेलं एप्रिल-मेपर्यंत पोचत नाही हे लक्षात ठेवायचं.

अडचण एकच, पश्चिमेचा कडूलिंब. सासऱ्यांनी लावलेला, आता स्लॅबच्या वर दोन माणसं गेलाय. त्या माणसानं सरळ तोडायला सांगितला. आत्याबाई काही बोलल्या नाहीत, उठून बाहेर जाऊन त्याच्या बुडाला पाणी घालत उभ्या राहिल्या. तो लिंब चारनंतर पश्चिमेची अख्खी भिंत झाकतो, तो गेला तर आम्हाला अजून एक कूलर लागेल, वीज वाचवायची म्हणून तो तोडायचा याला काही अर्थच नाही. डिसेंबरात मी दर तासाला त्याची सावली कुठवर येते ते खडूनं स्लॅबवर आखून वहीत उतरवलं होतं, हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला उतरतो तेव्हा सावली लांब येते. आता मेमध्ये परत आखलंय, पांढऱ्या चुन्यावर कोळशानं, नऊपासून पाचपर्यंत. दोन्ही मिळून बघितलं तर पूर्वेचा, जिन्याच्या अलीकडचा पट्टा साडेतीनपर्यंत कायम उन्हात राहतो, दोन किलोवॅटला लागणारे दोनशे चौरस फूट तिथं बसतात. दुसरा एक जण मंगळवारी मोजायला येणार आहे. तोपर्यंत वर कुणी वाळवण घालायचं नाही असं सांगून ठेवलंय, रेघा पुसतील.